एआयची सीट मिळेल, जीवशास्त्राचं काय?

कॅप राउंड जवळ आला की विटा, कराड, तासगावहून एकाच प्रश्नाचे फोन सुरू होतात: "सर, एआयला कुठं नंबर लागेल?" परवा एक वडील म्हणाले, "पोरीला कॅन्सरच्या संशोधनात जायचंय, म्हणून एआय-एमएल घेतोय." पोरीनं जीवशास्त्र दहावीनंतर सोडलेलं.

गफलत इथंच आहे. कॅन्सरच्या गाठीतला डीएनए वाचला की हजारो बदल समोर येतात. त्यातला रोगाचा कोणता आणि जन्मतःच असलेला, निरुपद्रवी कोणता, हे निवडावं लागतं. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर जनुकात ठरावीक बदल सापडला, तर त्यावर नेमकी गोळी देता येते. निवड चुकली तर औषधही चुकतं.

संगणक ही निवड जुन्या नोंदींशी ताडून करतो, आणि त्या नोंदी बहुतेक युरोपीय वंशाच्या माणसांच्या. त्यामुळं आपल्याकडं सर्रास आढळणारा बदलही संशयित ठरू शकतो. म्हणून टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधकांनी ६२ भारतीय रुग्णांच्या निरोगी नमुन्यांतून १,१४,३०९ बदलांची 'टीएमसी-एसएनपीडीबी' ही यादी २०१६ साली खुली केली. गूगल डीपमाइंडच्या 'अल्फामिसेन्स' या एआय प्रणालीनं २०२३ मध्ये ७ कोटी १० लाख संभाव्य बदल तपासले. ८९ टक्क्यांबद्दल अंदाज दिला, उरलेल्यांबद्दल नाही. आणि अंदाज म्हणजे निदान नव्हे. त्यावर सही करायला पेशी समजणारा माणूस लागतो.

इंजिनिअरिंग, नीट यांचे रस्ते तुम्हाला पाठ आहेत. न विचारला जाणारा रस्ता असा: साताऱ्यात किंवा सांगलीत बी.एस्सी., जोडीला संख्याशास्त्र आणि पायथॉन. मग बायोइन्फर्मेटिक्समध्ये एम.एस्सी. पुणे विद्यापीठात त्याचं केंद्र १९८७ पासून आहे. पुढं पीएच.डी.साठी खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कॅन्सर संशोधन संस्था. रस्ता लांबचा आहे, नुसत्या बी.एस्सी.वर या क्षेत्रात कुणी विचारत नाही, हेही ऐकून ठेवा.

पालकांनो, "बी.एस्सी. केलं तर पाहुणे काय म्हणतील?" हा प्रश्न तुमचा आहे, मुलांचा नाही. त्यापायी रान गहाण टाकून मॅनेजमेंट कोट्यातली सीट घेऊ नका. धाकटं भावंड यंदा अकरावीला असेल, तर एवढंच करा: गणित आणि जीवशास्त्र, दोन्ही ठेवा.