कव्हर एकदाच उघडा, पण मोजून उघडा
जुन्या मोटारसायकलची तेलगळती आणि चार्जिंग : गॅरेजवाल्या कारागिरांसाठी एक धडा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जुन्या मोटारसायकली अजून रोजीच्या कामावर आहेत. १९८५ साली बाजारात आलेली हिरो होंडा सी.डी. १००, १९९४ ची स्प्लेंडर, १९९६ पर्यंत बनत राहिलेली यामाहा आर.एक्स. १०० आणि बिडाच्या इंजिनाची जुनी बुलेट या गाड्या आजही दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या आणि कपड्यांचे गठ्ठे वाहताना दिसतात. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. म्हणजे या गाड्या टिकवणे हे मालकाच्या गरजेचे काम आहे आणि गॅरेजवाल्याच्या पोटाचेही.

या गाड्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या. एक, इंजिनखाली तेल ठिबकते. दुसरी, बॅटरी वारंवार उतरते. गिऱ्हाईक या तक्रारी वेगवेगळ्या दिवशी घेऊन येते, म्हणून आपणही त्यांना वेगळ्या समजतो. प्रत्यक्षात पुष्कळ गाड्यांत या दोन्हींचे मूळ एकाच कव्हरखाली असते. पॅकिंगसाठी आज कव्हर उघडले आणि स्टेटरसाठी पुढच्या महिन्यात तेच पुन्हा उघडले, तर गिऱ्हाइकाला मजुरी दोनदा पडते आणि नवे पॅकिंगही वाया जाते. म्हणून नियम असा धरावा : कव्हर एकदाच उघडायचे, आणि उघडण्यापूर्वी मोजून घ्यायचे.

आधी निदान, मग पाना

तेल जेथून ठिबकते तेथूनच गळते असे नाही. ते वरून ओघळत येते आणि वाऱ्याने मागे जाते. म्हणून इंजिन रॉकेलने किंवा डिझेलने स्वच्छ धुवावे, कोरडे करावे, संशयाच्या जागी खडूची पूड मारावी आणि गाडी दहा मिनिटे चालवावी. पूड प्रथम जेथे ओली होईल ती खरी जागा.

त्यानंतर तीन गोष्टी पाहाव्यात. तेल मापापेक्षा जास्त भरले आहे काय? इंजिनची ब्रीदर नळी मातीने बुजली आहे काय? बुजली असेल तर आतला दाब बाहेर पडायला वाट राहत नाही आणि कितीही नवे पॅकिंग टाकले तरी ते गळणारच. तिसरे, गळती किक शाफ्टच्या, गिअर शाफ्टच्या किंवा चेन स्प्रॉकेटमागच्या ऑइल सीलमधून तर नाही ना? सील गेलेले असताना पॅकिंग बदलणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात घालणे होय.

काही गाड्यांत मॅग्नेटचा कप्पा कोरडा असतो. तेथे तेल दिसले तर दोष कव्हरच्या पॅकिंगचा नसून क्रँकच्या ऑइल सीलचा किंवा स्टेटर प्लेटच्या ओ-रिंगचा असतो. टू-स्ट्रोक गाडीत क्रँकचे सील दुर्लक्षित राहिले तर इंजिन तेथून हवा ओढते, पेट्रोलचे प्रमाण कमी पडते आणि पिस्टन जाम होण्याची पाळी येते.

बुलेटची गोष्ट निराळी. बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये इंजिनचे, प्रायमरीचे आणि गिअरबॉक्सचे वंगण वेगवेगळे असते. अल्टरनेटर डाव्या बाजूच्या प्रायमरी कव्हरमध्ये असतो. ते कव्हर मधल्या एकाच नटावर बसते आणि त्याला कागदी पॅकिंग नसून रबरी सील असते. तो नट जोर लावून आवळला तर गळती थांबत नाही, कव्हर मात्र वाकते.

आता बॅटरीकडे वळू. चाचणीपूर्वी ती पूर्ण चार्ज करून घ्यावी, कारण मेलेल्या बॅटरीवर घेतलेले कोणतेही माप खोटे असते. बारा व्होल्टची चांगली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन मध्यम वेगात ठेवल्यावर मीटरने १३.५ ते १४.५ च्या दरम्यान दाखवावे. १३ च्या वर जात नसेल तर भरणा होत नाही. १५ च्या पुढे गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो बॅटरीचे पाणी उकळवतो आणि दिव्याचे बल्ब उडवतो. अशा वेळी स्टेटर बदलून काहीही साधत नाही.

माप कमी आले तरी लगेच कव्हराला हात लावू नये. फ्यूज, बॅटरीची टोके, बॉडीची अर्थ आणि कपलर पाहावेत. कपलरचे प्लास्टिक करपून पिवळे-काळे झाले असेल तर कित्येकदा दोष तेथेच सापडतो.

कॉइल मोजण्याची रीत

स्टेटरचा कपलर सोडावा. ज्या गाडीत तीन एकाच रंगाच्या तारा येतात, तेथे प्रत्येक जोडीचा ओहम मोजावा. तिन्ही मापे सारखी आणि लहान आली पाहिजेत. मीटरच्या तारा एकमेकींना टेकवून त्यांचे स्वतःचे माप आधी वजा करावे. यांपैकी कोणतीही तार बॉडीशी जोडलेली दाखवली तर कॉइल जळली समजावी. मात्र जुन्या एकपदरी भरण्याच्या गाड्यांत कॉइलचे एक टोक मुळातच बॉडीला दिलेले असू शकते. तेथे हा नियम लावून चांगली कॉइल फेकू नये. शेवटी इंजिन चालू करून कपलरच्या टोकांवर ए.सी. व्होल्ट मोजावेत. वेग वाढेल तसे ते वाढले पाहिजेत. वाढत असतील तर कॉइल आणि मॅग्नेट ठीक आहेत, दोष पुढे रेक्टिफायरमध्ये किंवा वायरिंगमध्ये शोधावा.

कव्हर काढताना

बॅटरीची अर्थची तार प्रथम सोडावी. तेल कोमट असताना काढावे, म्हणजे गाळही निघून येतो. कव्हरचे बोल्ट एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवावा. लांब बोल्ट आखूड जागी आवळला तर केसिंग फुटते. अडकलेल्या स्क्रूला इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा, छिन्नी नव्हे.

कव्हर चिकटले असेल तर लाकडी किंवा रबरी हातोडीने कडेने ठोकावे. दोन तोंडांच्या मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये. तेथे पडलेली एक खाच पुढे कायमची गळत राहते. स्टेटर कव्हरलाच आतून बसवलेला असेल तर मॅग्नेट कव्हर ओढून धरतो. ते सरळ ओढावे आणि बोटे सांभाळावीत. डॉवेल पिना आणि शाफ्टवरचे वॉशर कोठे होते ते लिहून ठेवावे.

मॅग्नेट पुलरनेच काढावा. हातोडीने ठोकल्यास चुंबक सुटतात आणि क्रँकला इजा होते. काढलेला मॅग्नेट लोखंडी कीस पडलेल्या बाकावर ठेवू नये. आत चिकटलेला एखादा लहान स्क्रू नव्या स्टेटरचा चुराडा करतो.

पॅकिंग हा इंजिनचा भागच आहे

जुने पॅकिंग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे. राहिलेला भाग थिनरने भिजवून काढावा. अॅल्युमिनियम मऊ असते, त्यावर सुरी किंवा ग्राइंडर चालवू नये. आतली भोके स्वच्छ फडक्याने बुजवून मगच हे काम करावे.

बाजारात पॅकिंग मिळाले नाही म्हणून जाड पुठ्ठा कापून बसवण्याची सवय अजून दिसते. यात दोन धोके आहेत. पहिला जाडीचा. काही इंजिनांत पॅकिंगच्या जाडीवर आतल्या शाफ्टची मोकळीक अवलंबून असते. दुसरा धोका मोठा आहे. कित्येक कव्हरांतून तेलाची वाट जाते आणि ती पॅकिंगमधील एका लहान भोकातून पुढे सरकते. ते भोक कापायचे राहिले तर गळती थांबते, पण वर तेल पोहोचत नाही आणि इंजिन जाम होते. म्हणून पॅकिंग हाताने कापायचेच असेल तर तेलाला टिकणारी गॅस्केट शीट मूळ जाडीची घ्यावी, जुने पॅकिंग शेजारी ठेवून एकेक भोक मोजावे आणि कापून झाल्यावर कव्हर व इंजिन दोन्हींवर ठेवून पाहावे. कव्हराच्या कडेवर हातोडी ठोकून पॅकिंग कापण्याची जुनी पद्धत सोडावी. तिने कड दबते.

सिलिकॉनचेही तसेच. बाहेर फुगून आलेला पट्टा आपल्याला दिसतो, तितकाच पट्टा आतही फुगलेला असतो. तो तुटून तेलाच्या जाळीत अडकतो. जेथे कागदी पॅकिंग आहे तेथे स्वच्छ तोंडावर सिलिकॉनची गरज नसते. फक्त स्टेटरच्या तारा बाहेर येतात त्या रबरी बुचाभोवती बारीक लेप द्यावा, कारण पुष्कळ गळत्या तेथूनच होतात.

बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरते. आटे गेलेले असतील तर कापूस किंवा सोल्यूशन न भरता लेथवाल्याकडून नवा आटा बसवून घ्यावा.

चार्जिंगचे भाग बसवताना

रोटर आणि स्टेटर यांतील फट सर्व बाजूंनी सारखी असावी. घासल्याच्या खुणा दिसल्या तर आधी क्रँकचे बेअरिंग तपासावे. तारा रोटरपासून आणि चेनपासून दूर बांधाव्यात. तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळलेला जोड इंजिनच्या उष्णतेत टिकत नाही. डाग देऊन त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. रेग्युलेटरची बैठक घासून स्वच्छ करावी, कारण त्याची उष्णता आणि बहुतेक गाड्यांत अर्थही त्याच जागेतून जाते.

मूळ स्टेटर मिळत नसेल तर तो भरूनही घेता येतो. तारेचा गेज, वेढ्यांची संख्या आणि वेढ्यांची दिशा मूळप्रमाणे राहिली पाहिजे. शेतीपंपांच्या मोटारी भरणारे कारागीर आपल्या भागात गावोगाव आहेत. त्यांनी आणि गॅरेजवाल्यांनी मिळून हे काम केले तर दोघांच्याही घरात रोजी येईल.

पुरात बुडालेली गाडी

सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचा पूर पाहिला. पाण्यात राहिलेली गाडी आली की किक मारून पाहण्याचा मोह होतो. तो टाळावा. प्रथम प्लग काढावा, तेल सोडावे. तेल दुधाळ दिसले तर पाणी आत गेले आहे. अशा गाडीचे कव्हर उघडून मॅग्नेटचा कप्पा, कपलर आणि सीले स्वच्छ व कोरडी करावीत आणि थोडे चालवून तेल पुन्हा बदलावे. दोनदा तेल बदलण्याचा खर्च गिऱ्हाइकाला आधी समजावून सांगावा.

झाकणाखालची अमानत

इंजिनच्या आत काय केले ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. झाकण लागले की आपण आणि अल्लाह एवढेच साक्षीदार उरतात. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या एका राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले आणि फसवणुकीबद्दल कडक इशारा दिला. झाकलेला दोष उघड करणे ही व्यापाऱ्याची जबाबदारी आहे, आणि गॅरेजचा कारागीर हा व्यापारीच आहे.

याची सोपी अंमलबजावणी अशी. बिलावर चार ओळी लिहाव्यात : दुरुस्तीपूर्वीचे व्होल्ट, नंतरचे व्होल्ट, कोणता भाग बदलला, तो मूळ कंपनीचा की इतर. काढलेला भाग पिशवीत घालून परत द्यावा. कव्हर उघडल्यावर दुसरा दोष दिसला तर काम थांबवून निरोप द्यावा, परवानगी घ्यावी आणि मगच पुढे जावे. ज्या गाडीला फक्त कपलर साफ करणे पुरले, तिच्याकडून तेवढीच मजुरी घ्यावी. आज कमी मिळाले तरी ते गिऱ्हाईक उद्या शेजाऱ्याला घेऊन येते. बरकत हीच होय.

विजेवरच्या दुचाकींना ना इंजिन कव्हर, ना पॅकिंग. म्हणून काही तरुण शागीर्द या धंद्याबद्दल निराश होतात. त्यांनी मिरजेकडे पाहावे. तेथील शिकलगार घराणी मूळची शस्त्रे घडवणारी व पाजळणारी. शस्त्रांचा काळ सरला तेव्हा त्याच हातांनी सतार आणि तंबोरा घडवला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पानाच घट्ट धरून बसणाऱ्याला पुढचा काळ कठीण आहे. ज्याला मीटर वाचता येतो, वायरिंगचा नकाशा कळतो आणि ज्याच्या शब्दावर गिऱ्हाईक विश्वास ठेवते, त्याला विजेच्या गाडीवरही काम मिळेल, इन्शाअल्लाह. उस्तादांनी आपल्या शागीर्दाच्या हाती पान्याबरोबर आजपासूनच मीटर आणि वही द्यावी.