पिशवी काढण्याआधी

‘नवरा जवळ आला की लाल जाते’ हे बाई जावेला सांगते, फार तर आशाताईला. डॉक्टरसमोर मात्र ‘अशक्तपणा आहे’ म्हणून टॉनिक घेऊन परतते. संकोच आहेच, पण खर्चाची धास्तीही असते. म्हणून आधी पैशाचंच बोलू.

अकोटच्या सरकारी रुग्णालयात संबंधानंतर रक्त जाण्याची तपासणी मोफत आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत हाच नियम आहे. अकोल्याचं जिल्हा स्त्री रुग्णालय, म्हणजे लेडी हार्डिंग, त्यातच येतं. सर्वोपचार रुग्णालय मेडिकल कॉलेजचं, तिथं थोडं सरकारी शुल्क लागतं. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. खासगीत पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा नमुना घेऊन केलेली तपासणी, साधारण 500 ते 1,500 रुपयांत होते. डॉक्टरची फी आणि सोनोग्राफी वेगळी, तेव्हा आकडा आधीच विचारून घ्या.

खरा फटका बुडालेल्या मजुरीचा. एका फेरीत काम व्हावं म्हणून पाळी नसताना जा. आधीचे दोन दिवस संबंध नको, आतून धुणं नको, आत औषध ठेवणं नको, नाहीतर पॅपचा नमुना नीट येत नाही. शेवटच्या पाळीची तारीख, तांबी किंवा गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

कारण बहुतेकदा साधं निघतं: गर्भाशयाच्या तोंडाला सूज किंवा जंतुसंसर्ग, तिथं वाढलेला लहानसा कोंब, पाळी गेल्यावर आलेला कोरडेपणा. संसर्ग निघाला तर नवऱ्यालाही औषध लागू शकतं. एकट्या बाईनं गोळ्या खाल्ल्या तर त्रास परत येऊ शकतो. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचीही हीच खूण असू शकते, आणि वरून पाहून फरक कळत नाही. आत उपकरण घालून तोंड नीट पाहणं, ही पहिली पायरी. पातळ अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच, लावून पाहण्याची स्वस्त रीत टाटा रुग्णालयानं मुंबईच्या वस्त्यांत आरोग्यसेविकांकडून वापरून पाहिली. तिथं या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

यापैकी काहीच न करता कुणी ‘पिशवी काढून टाका’ म्हणालं, तर थांबा. बीडमध्ये 2019 साली 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. आणि आत कॅन्सर असताना तपासणीशिवाय साधी पिशवी काढली, तर पुढचे उपचार अवघड होतात. म्हणून विचारा: पॅप कुठं आहे? शंका असेल तर तुकडा तपासलात का? कागद हातात घ्या, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. असं विचारण्यात उद्धटपणा नाही, शरीर आपलं आहे.

कॅन्सर निघालाच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड, आधार सोबत ठेवा. भरती न होता केलेल्या तपासण्या मात्र सहसा त्यात बसत नाहीत.

दिवस गेल्याची शंका असताना रक्त गेलं, तासाभरात पॅड भिजू लागला, चक्कर आली, तर वाट न पाहता 108 लावा, ती गाडी मोफत आहे. आणि ज्या आईची पाळी जाऊन वर्ष उलटलं, तिला एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात न्या, कापसाची वेचणी चालू असली तरी.