बालकांची स्थूलता आणि आनुवंशिकता

‘गुटगुटीत बालक’ हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाचा विषय राहिला आहे. अन्नटंचाईच्या आणि साथीच्या काळात बाळसेदार मूल ही जगण्याची ग्वाहीच वाटे. आता मात्र परिस्थिती पालटत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील अतिवजनाच्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३.४ टक्के झाले. कुपोषणाचा प्रश्न शिल्लक असतानाच ही नवी चिंता उभी राहिली आहे.

लठ्ठ मुलाविषयी घरोघरी दोन मते ऐकू येतात. ‘बापाच्या वळणावर गेला आहे, त्याला इलाज नाही’ हे एक. ‘त्याचा जिभेवर ताबा नाही’ हे दुसरे. पहिल्या मताने उपाय खुंटतात, तर दुसऱ्याने मूल अकारण अपराधी ठरते. ही दोन्ही मते अपुरी आहेत, असे आनुवंशिकताशास्त्र सांगते.

विरळा दोष

१९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक शोधून काढले. चरबीच्या पेशींतून स्रवणारे हे संप्रेरक शरीरातील साठ्याची वर्दी मेंदूस देते व भुकेला आवर घालते. १९९७ साली केंब्रिज येथील संशोधकांना एकाच कुटुंबातील दोन चुलत-मावस भावंडांत हे जनुक सदोष असल्याचे आढळले. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो, तर दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो होते. दोघांचीही भूक कधी शमत नसे. पुढे त्यांपैकी मुलीला लेप्टिनची इंजेक्शने देण्यात आली, तेव्हा वर्षभरात तिचे वजन सुमारे १६ किलोंनी उतरले. जो हावरटपणा वाटत होता, तो वास्तविक शरीरातील एका निरोपाचा अभाव होता. असा दोष मात्र फारच विरळा असतो.

सर्वसामान्य पाठभेद

बहुतेक मुलांच्या बाबतीत कारण इतके ठळक नसते. जुन्या पोथीच्या नकला होत असता एखादे अक्षर बदलावे आणि पाठभेद निर्माण व्हावा, तसेच जनुकांतही सूक्ष्म भेद असतात. २००७ साली ब्रिटनमधील संशोधकांनी सुमारे ३९ हजार व्यक्तींच्या पाहणीतून सोळाव्या गुणसूत्रावरील ‘एफटीओ’ या जनुकातील असा एक भेद उजेडात आणला. आई आणि वडील या दोघांकडूनही तो लाभलेल्या प्रौढांचे वजन, तो मुळीच नसलेल्यांपेक्षा, सरासरी ३ किलोंनी अधिक भरले. हा फरक वयाच्या सातव्या वर्षापासून दिसू लागतो.

हा भेद नेमके काय करतो? २००८ साली स्कॉटलंडमधील शाळकरी मुलांना चाचणीदाखल भोजन देऊन पाहण्यात आले. तो भेद असलेल्या मुलांच्या शरीरात ऊर्जा कमी खर्च होत होती, असे नाही. त्यांनी खाल्लेल्या अन्नाचे वजनही इतर मुलांइतकेच होते. मात्र त्यांनी अधिक उष्मांकाचे पदार्थ निवडले होते. म्हणजे आनुवंशिकतेचा कल येथे निवडीतून प्रकट झाला. आणि निवड ही समोर काय ठेवले आहे, यावर अवलंबून असते.

पुण्याचा अनुभव

सारेच काही जनुकांवर सोपविता येत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील सहा खेड्यांत गर्भवती माता व त्यांच्या बालकांचा अभ्यास चालविला. येथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. पुण्याच्या बालकांचे स्नायू कमी होते. परंतु त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. दिसण्यात कृश असलेल्या बालकातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते, हा त्यातील बोध होय. म्हणून मातेचे पोषण हाही या प्रश्नाचाच एक भाग ठरतो.

कर्तव्य कोणाचे?

घरात एकाच मुलास ताटावरून उठविणे व इतरांना फरसाण वाढणे, हा उपाय नव्हे. सर्व कुटुंबाचा आहार एकच असावा. भाकरी, उसळ, भाजी, फळे हाताशी असावीत आणि तळलेले व अतिगोड पदार्थ प्रसंगापुरते असावेत. शाळेच्या आवारात व आवारापासून ५० मीटरच्या आत अतिरिक्त चरबी, साखर व मीठ असलेले पदार्थ विकण्यास अन्नसुरक्षा विषयक २०२० च्या विनियमांनी मनाई केली आहे. तिचे पालन होते की नाही, याकडे पालकांनी व शिक्षकांनी लक्ष पुरवावे. खेळाचा तास अन्य विषयांसाठी खर्ची पडू नये. बालकाचे वजन व उंची नियमित नोंदवावी. अगदी लहान वयातच वजन झपाट्याने वाढत असेल आणि भूक भागतच नसेल, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला विनाविलंब घ्यावा.

जन्मतः लाभलेला कल मुलाने निवडलेला नसतो, म्हणून त्याला हिणविणे अन्यायाचे आहे. त्याच्या पुढ्यातील ताट आणि खेळण्याचे मैदान मात्र मोठ्यांच्या हाती असते.