स्थलांतरित गीत आणि त्याची भाषा : उत्तर कॅलिफोर्नियातील केजन व झायडिको संगीत

१

मौखिक परंपरेतील गीत आपल्या मूळ प्रदेशापासून दूर गेले म्हणजे त्याचे काय होते, हा प्रश्न भारतीय भाषांच्या अभ्यासकांना नवा नाही. स्थलांतरित समाजाच्या गीतांचा विचार करताना काय टिकले व काय लोपले याची यादी करण्याचा प्रघात आहे. परंतु अशा यादीतून एक महत्त्वाची गोष्ट निसटते. गीताचे शब्द टिकणे आणि त्या भाषेत नवे गीत रचण्याचे सामर्थ्य टिकणे या दोन भिन्न गोष्टी होत. अमेरिकेतील लुइझिआना राज्यातील फ्रेंचभाषक समाजांचे केजन व झायडिको संगीत तेथून सुमारे तीन हजार किलोमीटर दूर असलेल्या सॅन फ्रान्सिस्को परिसरात रुजले. या उदाहरणात हा भेद विशेष स्पष्टपणे दिसतो.

२

केजन लोकांचे पूर्वज हे आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया परिसरात, म्हणजे तत्कालीन अकॅडी वसाहतीत, सतराव्या शतकात स्थायिक झालेले फ्रेंच शेतकरी होत. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांची सामूहिक हकालपट्टी केली. विखुरलेल्या या लोकांपैकी अनेक कुटुंबे पुढील तीस वर्षांत लुइझिआनात येऊन राहिली. 'अकॅडियन' या शब्दाचा अपभ्रंश होऊन 'केजन' हे नाव रूढ झाले. त्याच प्रदेशात आफ्रिकी वंशाचा फ्रेंचभाषक क्रिओल समाज राहत होता. टाळ्या व पायांचे ठेके यांच्या साथीवर म्हटली जाणारी 'जुरे' ही त्याची गीते आणि घरगुती नाचाच्या मेळाव्यांतील 'ला-ला' संगीत यांतून पुढे झायडिको आकारास आले.

दोन्ही समाजांचे नाचाचे मेळावे वेगवेगळे भरत. तथापि संगीत मात्र या सीमेपलीकडे वाहत होते. क्रिओल अकॉर्डियनवादक अमेदे आर्दवँ व गोरा फिडलवादक डेनिस मॅकगी यांनी १९२९ पासून एकत्र ध्वनिमुद्रणे केली. पुढील काळातील केजन गायनावर आर्दवँ यांची छाप सर्वमान्य आहे.

ज्या काळात ही परंपरा ध्वनिमुद्रिकेवर येऊ लागली, त्याच काळात तिच्या भाषेवर आघात झाला. लुइझिआनाच्या १९२१ च्या राज्यघटनेने सार्वजनिक शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरविले. शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली. त्या पिढीने आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणे टाळले. फ्रेंचच्या संवर्धनासाठी राज्याने १९६८ मध्ये परिषद स्थापन केली, तोवर भाषेची साखळी अनेक घरांत तुटली होती. म्हणजे स्थलांतराच्या आधीच, आपल्या गावीच, हे गीत आपल्या भाषेपासून दूर जाऊ लागले होते. पुढील विवेचनात ही गोष्ट ध्यानी ठेवावयास हवी.

३

मूळ स्थान म्हणजे अस्सल आणि दूरचे स्थान म्हणजे नक्कल, असा एक समज असतो. झायडिकोचा इतिहास त्याला पुष्टी देत नाही. 'झायडिको' हे नाव फ्रेंचमधील शेंगांच्या नावावरून आले, असे बहुतेक मानतात. शेंगांत घालावयास खारवलेले मांसही नाही, अशा दारिद्र्यसूचक वाक्प्रचाराशी ते निगडित आहे. काही अभ्यासक त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतील भाषांत शोधतात. व्युत्पत्ती कोणतीही असो, या नावाचे आजचे लेखन रूढ झाले ते लुइझिआनात नव्हे, तर टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात. तेथील क्रिओल वस्तीत चालणाऱ्या संगीतासाठी लोकगीत-संग्राहक मॅक मॅककॉर्मिक यांनी १९६० च्या सुमारास ते वापरले.

या संगीताचे आज प्रतीक बनलेले वाद्य म्हणजे खांद्यांवर अडकवून छातीवर घालावयाचा नालीदार पत्रा. त्यावर चमचे किंवा बाटल्यांची झाकणे उघडण्याचे साधन घासून ताल धरतात. पूर्वी कपडे धुण्याची साधी पाटी यासाठी वापरीत. तिला अंगावर घालण्याजोगा आकार मिळाला तो १९४६ च्या सुमारास टेक्सासमधील पोर्ट आर्थर येथे. क्लिफ्टन शेनिए यांच्या सांगण्यावरून विली लँड्री या कारागिराने तो घडविला. शेनिए (१९२५–१९८७) हे मूळचे लुइझिआनातील ओपेलूसास गावचे. तेलशुद्धीकरण कारखान्यातील कामाच्या निमित्ताने ते तेथे आले होते. झायडिकोचे नाव आणि त्याचे खास वाद्य, दोन्ही अशा रीतीने स्थलांतरितांच्या वस्तीत सिद्ध झाली.

४

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सॅन फ्रान्सिस्को व रिचमंड येथील जहाजबांधणीच्या गोद्यांत कामगारांची मोठी मागणी निर्माण झाली. लुइझिआना व टेक्सासमधील अनेक क्रिओल कुटुंबे तिकडे गेली. हा समाज कॅथलिक असल्याने चर्चच्या सभागृहांतील नाचाचे कार्यक्रम हे त्याचे एकत्र येण्याचे ठिकाण ठरले. या मेळाव्यांत संगीत हे ऐकण्यापेक्षा नाचण्यासाठी होते. ज्यांना घरची भाषा येईनाशी झाली होती, त्यांनाही वॉल्ट्झ व टू-स्टेप येत होते.

या परिसरातील दोन कलावंतांची वाटचाल येथे उद्बोधक ठरते. लेक चार्ल्स येथे १९२९ मध्ये भाताची शेती करणाऱ्या कुटुंबात जन्मलेल्या आयडा गिलरी सॅन फ्रान्सिस्कोत शाळेची बस चालवीत. अकॉर्डियन हे स्त्रियांचे वाद्य नव्हे, अशी समजूत असलेल्या समाजातून त्या आल्या होत्या. मुले शाळेत जाऊ लागल्यावर त्यांनी ते गंभीरपणे हाती घेतले. १९७५ मध्ये एका मार्डी ग्रा उत्सवात त्यांना 'राणी' हा किताब मिळाला व 'क्वीन आयडा' हे नाव रूढ झाले. १९८३ मध्ये त्यांच्या संचाच्या ध्वनिमुद्रिकेस ग्रॅमी पुरस्कार मिळाला. शेनिए यांना तो पुढील वर्षी मिळाला.

दुसरे कलावंत डॅनी पुलार्ड (१९३७–२००१). त्यांचे वडील अकॉर्डियन वाजवीत. परंतु पुलार्ड यांनी ते वाद्य आत्मसात केले कॅलिफोर्नियात, प्रौढ वयात. त्यांच्या घराच्या गॅरेजमध्ये भरणाऱ्या बैठकींत लुइझिआनाशी काहीही संबंध नसलेले अनेक वादक तयार झाले. स्वतः क्रिओल असलेल्या पुलार्ड यांच्या संचाचे नाव मात्र 'कॅलिफोर्निया केजन ऑर्केस्ट्रा' असे होते. मूळ प्रदेशात वर्णभेदाने आखलेली सीमा येथे नावापुरती तरी पुसट झाली.

५

केजन अकॉर्डियन हे दहा बटणांचे छोटे वाद्य असते. कीर्तनात व नाट्यसंगीतात परिचित असलेल्या पेटीप्रमाणेच त्याचा नाद धातूच्या मुक्त पट्ट्यांतून निघतो. फरक असा की, भाता दाबताना एका बटणातून एक स्वर येतो व ओढताना दुसरा. त्यामुळे हाताच्या हालचालीतूनच लय जन्मते. ही लय पाहून, ऐकून व सरावाने शिकता येते. तिला भाषेची अट नाही. पुलार्ड यांच्या बैठकींतून हेच ज्ञान सहजपणे पुढे गेले.

शब्दांची गोष्ट वेगळी आहे. केजन गीताची संहिता सामान्यतः त्रोटक असते. प्रियेने सोडून जाणे, पोरकेपण, घराची ओढ, रस्त्यावरची भटकंती हे तिचे नेहमीचे विषय. अनेक गीतांत त्याच त्या उद्गारांची व अर्धओळींची पुनरावृत्ती आढळते. मिलमन पॅरी व अॅल्बर्ट लॉर्ड यांनी मौखिक महाकाव्याच्या संदर्भात मांडलेली ठरावीक पदबंधांची कल्पना येथेही उपयुक्त ठरते. भाषा ज्याच्या जिभेवर आहे, असा गायक या साठ्यातून प्रसंगानुसार ओळी उचलतो, मागेपुढे करतो, नव्या घालतो. त्याच्या दृष्टीने गीत ही पाठ केलेली वस्तू नसते.

दूरच्या शिकाऊ गायकाला हे स्वातंत्र्य नसते. तो ध्वनिमुद्रिका ऐकून किंवा छापील संहितेवरून शब्द पाठ करतो. अॅन सॅव्हॉय यांच्या १९८४ मधील ग्रंथाने अनेक गीतांचे शब्द व त्यांचे भाषांतर उपलब्ध करून दिले, ही मोठीच सेवा झाली. तथापि कोणे एके संध्याकाळी, ध्वनिमुद्रणाच्या तीन मिनिटांत बसविण्यासाठी, एका गायकाने उच्चारलेला पाठ यामुळे प्रमाण पाठ ठरण्याचा संभव असतो. गायकाला चूक करण्याचे भय वाटू लागले की, मौखिक परंपरेचे पठणपरंपरेत रूपांतर झाले असे समजावे. शब्द टिकतात, परंतु शब्द हलविण्याचा अधिकार जातो.

झायडिकोने मुख्यतः दुसरा मार्ग धरला. शेनिए यांनी पियानोच्या पट्ट्यांचा मोठा अकॉर्डियन स्वीकारून ब्लूज आपलेसे केले व फ्रेंचबरोबर इंग्रजीतही गायन केले. क्वीन आयडा यांनीही दोन्ही भाषांचा अवलंब केला. पुढील पिढीत इंग्रजीचे प्रमाण वाढत गेले. फ्रेंच उद्गार, ठेका, नाच कायम राहिले आणि नवी गीते रचली जात राहिली. ढोबळमानाने असे म्हणता येईल की, दूरदेशी केजन गीताने भाषा राखून रचना गोठविली, तर झायडिकोने रचना जिवंत ठेवण्यासाठी भाषा सोडली. या विधानाला अपवाद आहेत; लुइझिआनात फ्रेंचमध्ये नवी केजन गीते रचणारे कवी-गायक निर्माण झाले. परंतु त्यांच्यापैकीही पुष्कळांना ती भाषा प्रयत्नपूर्वक परत मिळवावी लागली.

६

भारतीय अभ्यासकाला येथे तंजावरचे उदाहरण आठवेल. मराठी कीर्तनाच्या प्रभावातून तेथे हरिकथेचे रूप घडले. साकी, दिंडी, ओवी यांसारखे रचनाप्रकार तमिळ भाषकांच्या कथनात सामावले. मराठी शब्द मागे पडले, तरी मराठी छंद दुसऱ्या भाषेत रचना करीत राहिले. याला मराठीची हानी म्हणावे की विस्तार, याचे उत्तर काय जपावयाचे मानले आहे यावर अवलंबून आहे.

कॅलिफोर्नियातील उदाहरणावरून इतके निश्चित दिसते की, अंतर हे केवळ किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. शाळेत शिक्षा झालेले लुइझिआनातील मूल आणि सॅन फ्रान्सिस्कोत पाठांतर करून गाणारा वादक हे दोघेही त्या गीतापासून दूरच आहेत. पहिल्याचे अंतर त्याच्यावर लादलेले आहे, दुसऱ्याने आपले अंतर कमी करण्याचा यत्न केला आहे. म्हणून अशा दूरच्या संचाला अस्सल-नकलीच्या तराजूत तोलणे अन्यायाचे होईल. त्याला विचारावयाचा प्रश्न अधिक साधा व अधिक कठोर आहे : आज रात्री नाच चालू असताना गायकाला एखादी नवी ओळ सुचली, तर ती त्याला कोणत्या भाषेत सुचेल?