शेर गेला, लिटर आला. हिशोब कोण बघणार?

मैत्रिणींनो, "पावशेर तेल द्या हो," असं आपण दुकानात आजही सहज म्हणतो. शेराचं माप बंद होऊन साठ वर्षं होऊन गेली, तरी शब्द तोंडातून गेला नाही. दूध, तूप, तेल विकणाऱ्या गटांनी तर ही मापं नीट समजून घ्यायला हवीत, कारण आपला पैसा मापातच वाढतो आणि मापातच जातो.

जुनी मापं अशी होती :
• अच्छेर = अर्धा शेर
• पावशेर = शेराचा चौथा भाग
• नवटाक = शेराचा आठवा भाग
• छटाक = शेराचा सोळावा भाग

शेर दोन तऱ्हेचा असे. वजनी शेर तराजूवर, मापी शेर भांड्याने. शिवाय शेर सगळीकडे सारखा नव्हता. मुंबईचा मण २८ पौंडांचा, बंगालचा ८२ पौंडांहून जास्त. मणाचे शेर मात्र दोन्हीकडे ४० च! नाव एक, माल वेगळा. अशा वेळी ज्याच्या हातात माप, त्याचा फायदा. पुढे ८० तोळ्यांचा शेर प्रमाण धरला गेला. तो सुमारे ९३३ ग्रॅम भरतो, म्हणजे खरा पावशेर २३३ ग्रॅमचा. आज त्या नावाने २५० ग्रॅम मिळतात.

हा घोळ मिटवण्यासाठी १९५६ साली कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-लिटर आले.

पण एक घोळ अजून आपल्याकडे होतो. लिटर म्हणजे किलो नव्हे! एक लिटर दूध सुमारे १ किलो ३० ग्रॅम भरतं, तर एक लिटर शेंगदाणा तेल सुमारे ९१० ग्रॅमच. म्हणजे १० किलो तेलात लिटरच्या जवळजवळ ११ बाटल्या भरतात. दर किलोचा आणि बाटली लिटरची असेल, तर गिऱ्हाईक तरी फसतं नाहीतर गट तरी.

पुढच्या बैठकीत हे करा : प्रत्येकीने घरचं मापाचं भांडं आणावं. वैधमापनाचा शिक्का असलेल्या लिटरच्या मापाने त्यात पाणी मोजून ओतावं. किती कमी-जास्त भरतं ते वहीत लिहावं. आणि विक्रीच्या पाटीवर दर लिटरचा की किलोचा, हे ठळक लिहावं.

माप चोख, तर गिऱ्हाईक पक्कं.