सोलरच्या पाइपावरचा काळा फोम लागतो का?

प्रश्न : पडेगावात आमची तीन मजली इमारत आहे. गच्चीवरच्या सोलरच्या पाइपाचा काळा फोम दोन-तीन वर्षांत गळून पडला. प्लंबर म्हणतो, पाइप सीपीव्हीसीचा आहे, फोमची गरजच नाही. एसीच्या पाइपाला तोच फोम धडधाकट आहे, तरी पावसाळ्यात त्याखालची भिंत ओली होते. मग हा फोम कशासाठी?
– एक वाचक, पडेगाव

उत्तर : लागतो, दोन्हीकडे. आधी प्लंबरच्या म्हणण्याचं पाहू. सीपीव्हीसीतून लोखंडापेक्षा उष्णता फार कमी जाते, हे खरं. पण पाइपाची जाडी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, तेवढ्यानं काय अडणार? फोमच्या बारीक पोकळ्यांत कोंडलेली, न हलणारी हवा खरं काम करते.

डिसेंबरातली सकाळ धरा. हवा 15 अंश, पाइपातलं पाणी 60 अंश. एकाची अंघोळ झाली, नळ बंद झाला. ढोबळ हिशेबानं, वारा नसतानाही अर्ध्या तासात उघड्या पाऊण इंची पाइपातलं पाणी 30-35 अंशांवर येतं. 13 मिलिमीटरचा फोम असेल तर ते 45च्या आसपास टिकतं. घरातल्या दुसऱ्या-तिसऱ्या माणसाला हा फरक चांगलाच जाणवतो.

पहिल्या माणसाला मात्र नाही. रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पाणी फोम असला तरी सकाळी गारच असतं, आणि फोम विकणारे हे सांगत नाहीत. या पाइपाच्या एका मीटरमध्ये पाव लिटरच्या आसपास पाणी मावतं. टाकीपासून बाथरूम 16 मीटर लांब असेल तर गरम पाणी येईपर्यंत चार लिटर वाहून जातं. जायकवाडीचं पाणी काही-काही दिवसांच्या अंतरानं मिळणाऱ्या आपल्या शहरात ते बादलीत धरून ठेवावंच. कायमचा इलाज म्हणजे पाइपाची लांबी कमी ठेवणं, पण तो घर बांधतानाच करता येतो.

आता फोम गळाला का? उरलेला तुकडा हातात घेऊन पाहा. वरची, उन्हाकडची बाजू भेगाळलेली असेल, चिमटीत धरली तर बोटांना काळी भुकटी लागेल; खालची सावलीतली बाजू बहुधा अजून मऊ असेल. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो कुजला आहे. नुसता नवा फोम घातलात तर पुन्हा तेच होईल. वरून ॲल्युमिनियमचा पत्रा गुंडाळून घ्या. पत्र्याची शिवण खालच्या अंगाला हवी आणि उभ्या पाइपावर वरचा तुकडा खालच्यावर चढलेला हवा, कौलं घालतात तसा, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरणार नाही. व्यापारी इमारतींसाठीच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेतही (2017) उघड्यावरच्या इन्सुलेशनला असं आवरण सांगितलं आहे. घरांना ती लागू नाही, पण ऊन सगळ्यांना सारखंच. पत्र्याचा खर्च टाळून नुसत्या फोमवर पैसे घालणं म्हणजे ते वाया घालवणं, असं मला वाटतं.

एसीचं दुखणं वेगळं आहे. तिथं तांब्याचा जाड पाइप 5 ते 10 अंशांइतका गार असतो. ऑगस्टमध्ये हवा 28 अंश आणि आर्द्रता 75 टक्के असेल तर 23 अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरतं. फोमच्या जोडाला बोटभर फट राहिली तरी दमट हवा आत शिरते आणि तांब्यावर पाणी होऊन बसते. गरम पाइपावर फट राहिली तर थोडी उष्णता जाते, एवढंच. गार पाइपावर ती फट पाणी ओढत राहते. ते पाणी फोमच्या आतून सरकत दूर कुठेतरी भिंतीवर उतरतं, म्हणून डाग जिथे दिसतो तिथे दोष असेलच असं नाही. शिवाय पाण्यातून उष्णता स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक जाते, म्हणजे भिजलेला फोम असून नसल्यासारखाच.

तेव्हा मेकॅनिककडून तीन जागा तपासून घ्या : नटाजवळचे जोड, भिंतीत पाइप शिरतो ते भोक, आणि क्लॅम्पनं फोम चेपला गेलेल्या जागा. जोड नुसते टेपनं न गुंडाळता चिकटद्रव्य लावून बंद करायला सांगा. स्प्लिट एसीत बारीक पाइपही बहुधा गार असतो. दोन्ही पाइप एकाच फोममध्ये कोंबलेले असतील तर प्रत्येकाला वेगळा फोम घालून घ्या. निचऱ्याची नळीही पाहून घ्या, ती तुंबली असली तरी भिंत अशीच भिजते.

मोठ्या हॉटेलात किंवा दवाखान्यात फॉल्स सीलिंगवर पिवळे डाग दिसतात, त्यांचंही कारण पुष्कळदा असं धरलेलं दवच असतं. डक्टवरच्या ग्लासवूलची चंदेरी फॉइल कुठेतरी फाटलेली असते.