रांग रिकामी करण्याआधी आवक बघा

सालवडमध्ये बसून वेबसाइट सांभाळायच्या म्हटल्या की बहुतेक गिऱ्हाइके हाकेच्या अंतरावर असतात. तारापूर एमआयडीसीचे कारखाने गावाला लागूनच आहेत. रंग, रसायने, औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या या मंडळींची वेबसाइट म्हणजे उत्पादनांची लांबलचक यादी आणि प्रत्येक उत्पादनापाशी सुरक्षा माहितीपत्रक, ज्याला सगळे एसडीएस म्हणतात. इथे जुने पान दिसले तर नुसती शोभा जात नाही. मालासोबतचे माहितीपत्रक नवे आणि साइटवरचे जुने निघाले, तर खरेदीदाराचा सेफ्टी ऑफिसर गाडी गेटवरच थांबवू शकतो.

अशाच एका कारखान्याच्या डिस्पॅचमधून फोन आला. "दादा, आम्ही एसडीएस बदललंय. आमच्याकडे नवीन दिसतंय, अंकलेश्वरच्या पार्टीला जुनंच दिसतंय. फोटो पाठवलाय त्यांनी."

या एका वाक्यात अर्धे निदान होते. साइट ड्रुपलवर होती आणि तिच्यापुढे व्हार्निश हा कॅश सर्व्हर बसवलेला होता. लॉगिन केलेल्या माणसाची विनंती थेट ड्रुपलकडे जाते, म्हणून त्याला ताजे पान मिळते. बाहेरच्या पाहुण्याला मात्र व्हार्निश आपल्याजवळची साठवलेली प्रत काढून देतो. म्हणजे पान बदलले होते, पण 'जुनी प्रत टाकून दे' हा निरोप व्हार्निशपर्यंत पोहोचत नव्हता. तुमच्याकडे अशी तक्रार आली, तर सगळ्यात आधी लॉगिन नसलेल्या खासगी विंडोत पान उघडा. तिथे जुने दिसले तर दोष मजकुरात नाही, निरोपात आहे.

ड्रुपलमध्ये हे निरोप पर्ज नावाचे मॉड्यूल रांगेत लावते. पान साठवले की त्याला जोडलेल्या कॅश टॅगांच्या नोंदी रांगेत जातात आणि प्रोसेसर त्या थोड्या थोड्या उचलून व्हार्निशला कळवतो. आमच्या स्टेटस रिपोर्टमध्ये लाल पट्टी होती : रांगेत 1,00,000 हून अधिक नोंदी. एवढा आकडा झाला की सर्व्हर कोलमडू नये म्हणून पर्ज स्वतःच काम थांबवते. त्यानंतर कितीही पाने बदला, निरोप जागचा हलत नाही. 30,000 ओलांडल्यावर ते इशारा देते खरे, पण स्टेटस रिपोर्ट रोज उघडतो कोण?

होस्टिंगवाल्यांचा सल्ला होता, "रांग रिकामी करा, सुटेल." तो उपाय कारखान्याने आधी करून पाहिला होता. लाल पट्टी गेली, जुनी पाने तशीच राहिली आणि काही महिन्यांनी पट्टी परत आली. कारण उघड आहे. रांग रिकामी करणे म्हणजे न पोहोचवलेली पत्रे फाडून टाकणे. ज्या पानांचे निरोप फाटले, त्यांच्या जुन्या प्रती मुदत संपेपर्यंत व्हार्निशमध्ये पडून राहतात.

मग रांग भरते कशी? हिशेब साधा आहे. समजा, स्टॉकचे सॉफ्टवेअर रोज रात्री 1,000 उत्पादने साइटवर ढकलते. प्रत्येक साठवणीमागे तीन टॅग धरा : त्या उत्पादनाचा, सगळ्या पानांच्या यादीचा आणि उत्पादन प्रकाराच्या यादीचा. झाल्या 3,000 नोंदी. दुसरीकडे क्रॉन तासाला एकदा चालतो आणि दर फेरीला 100 नोंदी उचलतो. दिवसाला 2,400. रोजची तूट 600. पन्नास दिवसांत इशारा आणि साडेपाच महिन्यांत साइट मुकी. तोवर कोणाला काही जाणवत नाही, म्हणूनच हा रोग फसवा आहे. तारापूरच्या सामायिक सांडपाणी केंद्राची हीच कथा झाली होती. क्षमता 25 एमएलडीची, म्हणजे रोज 25 दशलक्ष लिटरची आणि येणारे पाणी त्याहून जास्त. टाकी कितीदाही उपसली तरी आवक तीच राहिली, तर ती वाहणारच.

आता तपास कोणत्या क्रमाने करायचा ते सांगतो.

पहिले, निरोप पोहोचतो का? सर्व्हर हलवला, आयपी बदलला आणि पर्जमध्ये जुनाच पत्ता राहिला, हे वारंवार दिसते. व्हार्निशच्या व्हीसीएल फाइलमध्ये ड्रुपलच्या सर्व्हरला परवानगी नसेल तर विनंती नाकारली जाते आणि फसलेली नोंद पुन्हा रांगेत येते. लॉगमध्ये 403 किंवा 405 दिसले तर आधी तिकडे वळा.

दुसरे, उचलणारा कोण आणि किती वेळा? लेट रनटाइम प्रोसेसर ड्रुपलकडे येणाऱ्या विनंतीच्या शेवटी काम करतो. पण व्हार्निश चोख चालला की ड्रुपलकडे विनंत्याच कमी जातात, म्हणून मोठ्या साइटला एकट्या त्याच्या भरवशावर सोडू नका. सर्व्हरच्या क्रॉनमधून ड्रशचा क्यू-वर्क आदेश दर मिनिटाला चालवा आणि एक फेरी संपण्याआधी दुसरी सुरू होणार नाही असे कुलूप त्याला लावा.

तिसरे आणि खरे, भरणारा कोण? क्यू-ब्राउज आदेशाने रांगेतल्या नोंदी वाचा. आमच्याकडे 'नोड लिस्ट', म्हणजे सगळ्या पानांच्या यादीचा, हा एकच टॅग पानामागून पान दिसत होता. पर्ज एका विनंतीतले दुबार टॅग गाळते. पण स्टॉकचे सॉफ्टवेअर प्रत्येक उत्पादन वेगळ्या विनंतीने पाठवत होते, त्यामुळे दर वेळी नवी नोंद पडत होती. बहुतेक उत्पादनांत तर काहीच बदललेले नसायचे. भरीला फुटरमध्ये 'नवीन उत्पादने' हा चौकोन. त्याच्यामुळे तो टॅग साइटच्या प्रत्येक पानाला चिकटलेला. एका ड्रमचा साठा बदलला की सगळी साइट शिळी ठरायची.

उपाय त्यातूनच निघाले. जुनी आणि नवी माहिती ताडून बघून फरक असेल तरच साठवायचे. सगळी उत्पादने एकाच प्रक्रियेत घ्यायची. यादीच्या चौकोनाला सरसकट टॅगऐवजी स्वतःचा नेमका टॅग द्यायचा. काही जण 'नोड लिस्ट'ला वगळण्याच्या यादीत टाकून मोकळे होतात. रांग आटते, पण यादीची पाने मुदत संपेपर्यंत जुनीच राहतात. किंमत माहीत असेल तरच तो मार्ग धरा.

एवढे झाल्यावर रांग रिकामी करा आणि त्याच वेळी व्हार्निशचा साठाही पूर्ण साफ करा. हे काम वर्दळ नसलेल्या वेळी करा, कारण साठा गेला की प्रत्येक विनंती काही काळ थेट ड्रुपलवर पडते. आणखी एक ध्यानात ठेवा. पीडीएफ त्याच नावाने वर चढवली तर टॅगचा काही उपयोग नाही. फाइलला नवे नाव द्या किंवा तिचा पत्ता वेगळा साफ करा.

वेबसाइट सांभाळणाऱ्या मित्रांना एवढेच सांगणे : क्यू-स्टॅट्स आदेशाने मिळणारा रांगेचा आकडा रोज आपोआप नोंदवला जाईल अशी सोय आजच करा आणि तो 10,000 च्या वर गेला की फोनवर इशारा येऊ द्या. आकडा लहान असला तरी रोज वाढत असेल, तर तुमची साइट आजारी आहे असेच समजा.